झडप बिघडली की ठोके कधी बिघडणार? ईसीजीतून हे आधी कळतं का?

हृदयाची झडप खराब आहे असं निदान झालं की रुग्णाच्या आणि घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ऑपरेशनचा. करावं लागेल का, कधी, खर्च किती? पण झडपेच्या आजारात आणखी एक धोका असतो आणि त्याबद्दल त्यामानाने कमी बोललं जातं. तो धोका म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा. डॉक्टर याला ॲरिदमिया म्हणतात. लय बिघडल्यामुळे काहींना पक्षाघात होतो, तर अगदी मोजक्या रुग्णांचा अचानक मृत्यूही होतो.

हा धोका कोणाला जास्त आहे, याचा पहिला अंदाज देणारी चाचणी म्हणजे ईसीजी. गावातल्या दवाखान्यातही होणारी, काही मिनिटांची, स्वस्त आणि सुई न टोचता होणारी. गंमत अशी की ईसीजीत झडप दिसतच नाही. मग झडपेच्या रुग्णाला पुढे काय होऊ शकतं, हे त्या कागदावरून कसं कळतं? आणि किती कळतं?

झडप आणि ठोके यांचा संबंध काय?

हृदयात चार कप्पे असतात. वरचे दोन अलिंद आणि खालचे दोन निलय. कप्प्यांच्या दारांवर चार झडपा असतात, त्यांनाच बोलीभाषेत व्हॉल्व्ह म्हणतात. रक्ताला एकाच दिशेने जाऊ देणं एवढंच त्यांचं काम. त्यातली मायट्रल झडप डाव्या अलिंद आणि डाव्या निलयाच्या मध्ये असते. महाधमनीची झडप डाव्या निलयातून शरीराकडे जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या तोंडाशी असते.

झडपा हलतात त्या रक्ताच्या दाबाने. पण हृदय आकुंचन पावतं ते विजेच्या सूक्ष्म संदेशामुळे. हा संदेश उजव्या अलिंदातल्या पेशींच्या एका छोट्या पुंजक्यातून निघतो, दोन्ही अलिंदांत पसरतो, मध्यावरच्या एका गाठीत क्षणभर थांबतो आणि मग तारांसारख्या तंतूंमधून दोन्ही निलयांत पोहोचतो.

झडप अरुंद झाली तर तिच्या मागच्या कप्प्यात दाब वाढतो. झडप नीट मिटत नसेल तर रक्त उलटं येतं आणि कप्प्यावर जादा रक्ताचा भार पडतो. महिने, वर्षं हे चालू राहिलं की कप्पा ताणला जातो किंवा त्याची भिंत जाड होते. स्नायूंच्या मध्ये व्रणासारखी तंतुमय ऊती तयार होते. विजेचा संदेश अशा भागातून सरळ जात नाही. कुठे रेंगाळतो, कुठे वळसा घेतो, कधी त्याच वाटेवर गोल फिरत राहतो. ॲरिदमियाची सुरुवात अनेकदा इथेच होते.

ईसीजी याच विजेची नोंद करतो. झडपेने स्नायूचं काय केलं आहे, हे त्यात उमटतं.

ईसीजीच्या कागदावर काय असतं?

नेदरलँड्समधल्या लायडन इथले शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हृदयाची वीज अचूक टिपणारं यंत्र तयार केलं. त्यासाठी त्यांना १९२४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. आलेखातल्या लहरींना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्यांनीच दिली आणि ती आजही वापरली जातात.

पी लहर म्हणजे अलिंदांमधून वीज पसरण्याची खूण. क्यूआरएस हा उंच टोकदार भाग निलयांचा. त्यानंतरची टी लहर म्हणजे निलयाचे स्नायू पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होत असल्याची खूण.

कागद साधारणपणे सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. म्हणजे आडवा एक छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा. नेहमीच्या ईसीजीत १२ लीड असतात. एकाच हृदयाकडे १२ वेगवेगळ्या कोनांतून पाहणं, असं ते समजता येईल. लीड २, लीड ३ आणि एव्हीएफ हे तीन हृदयाच्या खालच्या बाजूकडे पाहतात. व्ही१ हा छातीच्या मधल्या हाडाजवळून पाहतो. पुढे ही नावं पुन्हा येणार आहेत.

पहिला आजार : अरुंद मायट्रल झडप आणि रुंद होणारी पी लहर

भारतात मायट्रल झडप अरुंद होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे लहानपणी झालेला संधिवाताचा ताप, म्हणजेच रुमॅटिक फिव्हर. स्ट्रेप्टोकोकस जीवाणूमुळे घसा दुखतो, त्यावर नीट उपचार होत नाहीत आणि काही मुलांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच झडपांवर हल्ला करते. ताप जातो, सांधे बरे होतात, पण झडपेवर झालेला परिणाम मागे राहतो. जगभरात ४ कोटींहून अधिक लोक रुमॅटिक हृदयविकारासह जगत असल्याचा अंदाज आहे. त्यात महिलांचं प्रमाण जास्त आहे. अनेकींना हा आजार असल्याचं पहिल्यांदा कळतं ते गरोदरपणात, जेव्हा हृदयावरचा भार वाढतो आणि धाप लागू लागते.

अरुंद झडपेमुळे डाव्या अलिंदात रक्त तुंबतं आणि तो कप्पा फुगत जातो. फुगलेल्या कप्प्यातून वीज पसरायला जास्त वेळ लागतो. म्हणून पी लहर रुंद होते. निरोगी माणसात ती साधारण तीन छोट्या चौकोनांच्या, म्हणजे ०.१२ सेकंदाच्या आत संपते. इथे ती त्याहून लांबते. लीड २ मध्ये तिला दोन उंचवटे दिसू लागतात. पहिला उजव्या अलिंदाचा, दुसरा उशिरा पोहोचणाऱ्या डाव्या अलिंदाचा. मायट्रल झडपेच्या आजारात हे इतकं नेहमी दिसतं की या आकाराला पी मायट्राले असंच नाव पडलं.

व्ही१ मध्येही खूण असते. तिथे पी लहरीचा शेवटचा भाग रेषेच्या खाली जातो. हा खड्डा किमान एक छोटा चौकोन खोल आणि एक छोटा चौकोन रुंद असेल तर डाव्या अलिंदावर ताण असल्याचा तो इशारा मानला जातो.

हे महत्त्वाचं का? कारण याच फुगलेल्या कप्प्यात पुढे एट्रियल फिब्रिलेशन सुरू होऊ शकतं. त्यात अलिंदांचं एकसंध आकुंचन थांबतं, ते नुसते थरथरत राहतात. ईसीजीतून पी लहर नाहीशी होते आणि ठोक्यांमधली अंतरं पूर्णपणे अनियमित होतात. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी तयार होते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो.

हा धोका किती मोठा आहे, हे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासातून १९७८ मध्येच समोर आलं होतं. झडपेचा रुमॅटिक आजार नसलेल्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशनमुळे पक्षाघाताचं प्रमाण पाचपटीहून जास्त होतं. रुमॅटिक आजारासोबत एट्रियल फिब्रिलेशन असेल तर ते सुमारे १७ पट होतं.

ज्यांच्या पी लहरी जास्त रुंद आहेत किंवा वेगवेगळ्या लीडमध्ये त्यांच्या रुंदीत बराच फरक आहे, अशा मायट्रल रुग्णांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन जास्त आढळतं, असं अनेक छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. फुग्याच्या साहाय्याने झडप उघडल्यानंतर हा फरक कमी झाल्याचंही काही अभ्यासांनी नोंदवलं आहे. म्हणजे कप्प्यावरचा ताण उतरला की विजेची वाटही थोडी सुधारते.

अंदाजाचा उपयोग काय?

एट्रियल फिब्रिलेशन नेहमी जाणवतं असं नाही. ते काही मिनिटं येतं आणि जातं. दवाखान्यात दहा सेकंदांचा ईसीजी काढताना लय सरळ असू शकते. म्हणून पी लहर संशयास्पद असेल, डावा अलिंद मोठा असेल किंवा रुग्ण धडधडीची तक्रार करत असेल, तर होल्टर लावून २४ तास किंवा त्याहून जास्त काळ नोंद घेतली जाते. अमेरिकी संशोधक नॉर्मन होल्टर यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे छोटं यंत्र रुग्ण अंगावर लावून घरी जातो आणि रोजची कामं करतो.

एट्रियल फिब्रिलेशन सापडलं की निर्णय बदलतो. मायट्रल झडप मध्यम किंवा जास्त अरुंद असलेल्या रुग्णाला एट्रियल फिब्रिलेशन असेल तर रक्ताची गुठळी रोखणारं औषध सुरू केलं जातं. त्यासाठी इतर रुग्णांप्रमाणे वय, मधुमेह, रक्तदाब यांचे गुण मोजत बसावं लागत नाही.

औषध कोणतं, यालाही इथे महत्त्व आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इनव्हिक्टस या चाचणीत भारतासह २४ देशांतल्या साडेचार हजारांहून अधिक रुमॅटिक हृदयरुग्णांचा समावेश होता. त्यात सुमारे ७२ टक्के महिला होत्या. जुन्या पद्धतीचं वॉरफरीनसारखं औषध घेणाऱ्यांमध्ये नव्या रिव्हरोक्सॅबॅनच्या तुलनेत मृत्यू कमी झाले आणि त्यामुळे रक्तस्राव वाढल्याचंही दिसलं नाही. म्हणूनच, 'नवीन गोळी आली आहे, तपासणीची कटकट नाही' असं ऐकून स्वतःहून औषध बदलणं या रुग्णांसाठी धोक्याचं ठरू शकतं. वॉरफरीन किंवा ॲसेनोकुमारॉल घेताना आयएनआर ही रक्तचाचणी नियमित करावी लागते. तो आकडा या रुग्णांत सहसा २ ते ३ च्या दरम्यान ठेवला जातो. गर्भधारणेचा विचार असेल तर ते आधीच डॉक्टरांना सांगणं आवश्यक असतं, कारण या औषधांचा गर्भावर परिणाम होऊ शकतो.

दुसरा आजार : मागे झुकणारी झडप आणि उलटी टी लहर

मायट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स हे नाव अनेकांनी टू-डी इकोच्या रिपोर्टवर वाचलेलं असतं. यात झडपेचे पडदे मिटताना मागे, अलिंदाकडे झुकतात. एखादं शिड वाऱ्याने फुगावं तसे. फ्रेमिंगहॅममधल्या १९९९ च्या अभ्यासात हे प्रमाण २.४ टक्के आढळलं. म्हणजे साधारण चाळिसातल्या एका माणसाची झडप अशी असू शकते. यातले बहुतेक जण आयुष्यभर ठणठणीत राहतात.

पण थोड्या जणांचं तसं होत नाही. प्रोलॅप्स असलेल्यांमध्ये अचानक मृत्यूचं प्रमाण वर्षाला हजारात साधारण एक ते दोन इतकं कमी आहे. तरी त्यात तरुण आणि वरवर निरोगी माणसं असतात, म्हणून डॉक्टर त्याकडे दुर्लक्ष करू शकत नाहीत.

इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या क्रिस्तीना बासो आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याचा महत्त्वाचा धागा समोर आणला. त्यांनी अचानक मृत्यू झालेल्या, ४० वर्षांपर्यंतच्या ६५० जणांच्या हृदयांचा अभ्यास केला. त्यातल्या ४३ जणांमध्ये, म्हणजे ७ टक्क्यांमध्ये, मायट्रल प्रोलॅप्स हे एकमेव कारण सापडलं. महिलांमध्ये हे प्रमाण १३ टक्के होतं. त्यांच्या हृदयांत पॅपिलरी स्नायूंपाशी आणि बहुतेकांत डाव्या निलयाच्या मागच्या-खालच्या भिंतीत व्रणासारखी ऊती आढळली. पॅपिलरी स्नायू म्हणजे झडपेच्या दोऱ्या ज्यांना बांधलेल्या असतात ते. झडप प्रत्येक ठोक्याला मागे झुकते, दोऱ्या ओढल्या जातात आणि त्यांच्या मुळाशी असलेला स्नायू वर्षानुवर्षं ताणला जातो. व्रण नेमका तिथेच होतो.

आता ईसीजीकडे पाहू. लीड २, लीड ३ आणि एव्हीएफ हे हृदयाच्या याच खालच्या भिंतीकडे पाहतात. मृतांपैकी ज्या थोड्या जणांचे जुने ईसीजी उपलब्ध होते, त्यातल्या बहुतेकांत या लीडमधली टी लहर उलटी होती. वर जाण्याऐवजी खाली गेलेली. शिवाय निलयातून येणारे जादा ठोके होते.

जादा ठोके म्हणजे काय? काळजाचा ठोका चुकला, असं मराठीत म्हणतात. खरं तर तेव्हा ठोका चुकत नाही, एक ठोका वेळेआधी पडतो. तो जाणवतोच असं नाही. त्यानंतरची लांब पोकळी आणि पुढचा जोरदार ठोका मात्र जाणवतो. निरोगी माणसातही दिवसभरात असे काही ठोके पडतात. प्रश्न असतो तो किती, कुठून आणि एकापाठोपाठ किती, हा.

युरोपियन हार्ट ऱ्हिदम असोसिएशनने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात त्याची मर्यादा दिली आहे. प्रोलॅप्स आहे, दुसरं काही कारण नाही आणि एकूण ठोक्यांपैकी ५ टक्के किंवा जास्त ठोके निलयातून येणारे जादा ठोके आहेत, किंवा सलग जलद ठोक्यांच्या मालिका येतात, तर त्याला ॲरिदमिक प्रोलॅप्स म्हणावं. दिवसभरात साधारण एक लाख ठोके धरले, तर ५ टक्के म्हणजे ५ हजार. हा आकडा दहा सेकंदांच्या ईसीजीवरून काढता येत नाही. त्यासाठी होल्टर लागतो.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०२० च्या अभ्यासात प्रोलॅप्स असलेल्या ५९५ रुग्णांच्या होल्टर नोंदी तपासल्या गेल्या. ४३ टक्के रुग्णांत जादा ठोके या ५ टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत किंवा त्यापुढे होते. पण गंभीर म्हणता येईल असा वेगवान ॲरिदमिया फक्त ९ टक्क्यांत होता. त्या ९ टक्क्यांमध्ये पुढच्या वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसलं. टी लहरीतला बदल हा गंभीर ॲरिदमियाशी जोडलेल्या खुणांपैकी एक होता. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ज्यांना होल्टर लावला गेला ते मोठ्या केंद्रात आलेले रुग्ण होते. प्रोलॅप्स असलेल्या प्रत्येक माणसाला हे टक्के लागू होत नाहीत.

एकच खूण पुरेशी नसते

टी लहर उलटी दिसली म्हणून लगेच धोका ठरत नाही. फक्त लीड ३ मध्ये ती उलटी असणं अनेक निरोगी माणसांत दिसतं. म्हणून डॉक्टर खुणांची बेरीज करतात. प्रोलॅप्सच्या रुग्णात पुढच्या गोष्टी एकत्र आल्या तर काळजी वाढते :

• खालच्या लीडमध्ये एकापेक्षा जास्त ठिकाणी उलटी टी लहर
• निलयातून येणारे, वेगवेगळ्या आकारांचे जादा ठोके
• कारण न सापडलेली बेशुद्धी
• झडपेचे दोन्ही पडदे जाड, सैल आणि मागे झुकणारे
• झडपेची कडा निलयाच्या भिंतीपासून सुटून अलिंदाकडे सरकलेली असणं
• एमआरआयमध्ये स्नायूत व्रण दिसणं
• निलयाची पंप करण्याची ताकद कमी होणं

यातल्या पहिल्या दोन गोष्टी ईसीजी आणि होल्टरवर दिसतात. तिसरी रुग्ण किंवा घरचे सांगतात. उरलेल्या इको आणि एमआरआयवर. म्हणजे ईसीजी हा या साखळीतला पहिला दुवा आहे. पुढची महागडी तपासणी कोणाची करायची, हे त्यावरून ठरवायला मदत होते.

ज्यांचं हृदय एकदा थांबून पुन्हा सुरू करावं लागलं आहे, त्यांना सहसा छातीत बसवायचं आयसीडी हे यंत्र सुचवलं जातं. धोकादायक लय आली की ते आतूनच विजेचा झटका देतं. इतरांच्या बाबतीत निर्णय एकेका रुग्णाचा विचार करून घेतला जातो. कुणाला औषधं, कुणाला जादा ठोके ज्या जागेतून येतात ती जागा निकामी करणारी ॲब्लेशनची प्रक्रिया, तर अनेकांना फक्त नियमित तपासणी.

तिसरा आजार : महाधमनीची झडप आणि शेजारून जाणारी तार

उतारवयात महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचून ती अरुंद होते. इथे ईसीजीचा उपयोग थोडा वेगळा आहे. विजेचा संदेश निलयांत नेणारा मुख्य तंतू या झडपेच्या अगदी खालून जातो आणि तिथेच त्याच्या उजवी आणि डावी अशा शाखा होतात. त्यामुळे झडप बदलताना या तंतूला धक्का लागू शकतो.

छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप नेऊन बसवण्याच्या पद्धतीला टावी म्हणतात. फ्रान्समधले डॉक्टर ॲलेन क्रिबिए यांनी २००२ मध्ये ती पहिल्यांदा माणसावर केली. यात नवी झडप जुन्या झडपेला आतून दाबून बसते आणि तो दाब बहुतेक वेळा डाव्या शाखेवर येतो. रुग्णाच्या आधीच्या ईसीजीत उजवी शाखा बंद असल्याची खूण असेल, तर डावीही अडल्यावर संदेश खाली पोहोचायला वाट उरत नाही. ठोके फार मंद होतात आणि पेसमेकर लागतो. म्हणून टावीच्या आधी ईसीजीत दिसणारा राइट बंडल ब्रँच ब्लॉक हा पुढे पेसमेकर लागण्याचा सगळ्यात भक्कम इशारा मानला जातो. असा ईसीजी असेल तर रुग्णाला आधीच कल्पना देता येते आणि प्रक्रियेनंतर जास्त काळ लक्ष ठेवता येतं.

एआयमुळे काय बदललं?

डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा संगणकाला दिसतात का, यावर गेल्या काही वर्षांत बरंच काम झालं आहे. मेयो क्लिनिकने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे १ लाख ८० हजार रुग्णांचे साडेसहा लाखांच्या आसपास ईसीजी वापरले. ते सगळे लय सरळ असतानाचे होते. तरीही त्यातल्या कोणाला एट्रियल फिब्रिलेशन होतं, हे संगणकाने सुमारे ७९ टक्के अचूकतेने ओळखलं. हा अभ्यास फक्त झडपेच्या रुग्णांचा नव्हता. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी अशीच पद्धत मायट्रल प्रोलॅप्सच्या रुग्णांत वापरली आणि ॲरिदमियाचा किंवा स्नायूतल्या व्रणाचा धोका असलेले रुग्ण ईसीजीवरून ओळखण्याचा प्रयत्न केला.

७९ टक्के ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ काय, हे एका उदाहरणाने पाहू. समजा १ हजार लोक आहेत आणि त्यातल्या ५० जणांना एट्रियल फिब्रिलेशन आहे. संगणक त्यातल्या सुमारे ४० जणांना पकडेल, १० सुटतील. उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी जवळपास १९५ जणांनाही तो चुकून धोक्याच्या यादीत टाकेल. म्हणजे यादीतल्या २३५ नावांपैकी खरी ४०. त्यामुळे अशी यादी कोणाची तपासणी आधी करायची हे ठरवायला उपयोगी पडते, पण तेवढ्यावर औषध सुरू करता येत नाही.

स्मार्ट घड्याळाचा ईसीजी चालेल का?

मनगटावरच्या घड्याळाने घेतलेला ईसीजी एकाच लीडचा असतो. दोन हातांच्या मधली वीज तो मोजतो. एट्रियल फिब्रिलेशनचा संशय घेण्यासाठी तो उपयोगी आहे. धडधड होत असतानाच नोंद घेता येते, हा त्याचा मोठा फायदा. पण खालच्या लीडमधली उलटी टी लहर किंवा व्ही१ मधली पी लहर त्यात दिसत नाही. त्यामुळे घड्याळाने 'नॉर्मल' म्हटलं म्हणून प्रोलॅप्सच्या रुग्णाने निर्धास्त होणं योग्य नाही.

ईसीजी कुठे फसतो?

यंत्र स्वतःच कागदावर 'ॲबनॉर्मल ईसीजी' असं छापतं. तो संगणकाचा अंदाज असतो, डॉक्टरांचं निदान नव्हे. इलेक्ट्रोड चुकीच्या जागी लागले तरी आलेख बदलतो. उदाहरणार्थ, व्ही१ चा इलेक्ट्रोड नेमक्या जागेच्या वर लावला तर पी लहरीचा खड्डा खोटाच खोल दिसू शकतो. औषधं आणि रक्तातल्या पोटॅशियमची पातळी यांचाही टी लहरीवर परिणाम होतो.

उलट बाजूने पाहिलं तर झडप बरीच खराब असूनही ईसीजी सरळ येऊ शकतो. त्यामुळे झडपेचं निदान टू-डी इकोवरच होतं. 'ईसीजी नॉर्मल म्हणजे हृदय ठीक' हा समज झडपेच्या रुग्णाला महागात पडू शकतो.

रुग्ण आणि घरच्यांनी काय करावं?

• जुने ईसीजी जपून ठेवावेत. एका ईसीजीपेक्षा दोन वर्षांपूर्वीचा आणि आजचा यांची तुलना जास्त सांगते. अनेक ठिकाणी ईसीजी थर्मल कागदावर निघतो आणि तो उष्णतेने, काळाने फिका पडतो. म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स किंवा मोबाइलवर स्पष्ट फोटो काढून तारीख लिहून ठेवावी.

• धडधड झाली तर तारीख, वेळ, किती मिनिटं आणि तेव्हा काय करत होतो, हे लिहावं. होल्टर लावलेला असताना ही नोंद विशेष उपयोगी पडते.

• अचानक बेशुद्ध पडणं, विशेषतः व्यायाम करताना, ही गोष्ट 'उपाशी होतो', 'ऊन लागलं' म्हणून सोडून देऊ नये. घरात कमी वयात कुणाचा अचानक मृत्यू झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं.

• रक्त पातळ करणारी गोळी दात काढण्यासाठी, उपवासासाठी किंवा बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करू नये.

• रुमॅटिक ताप येऊन गेलेल्या मुलांना ठरावीक दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं जातं. ते चुकवू नये. झडपेचं पुढचं नुकसान टाळण्याचा तो सिद्ध झालेला उपाय आहे.

• तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं यापैकी काहीही झालं तर ईसीजी काढायला जवळचा दवाखाना शोधत बसण्यापेक्षा १०८ वर फोन करून थेट मोठं रुग्णालय गाठावं.

प्रोलॅप्स हा शब्द रिपोर्टवर वाचून घाबरलेल्या बहुतेकांना एक ईसीजी, एक इको आणि गरज पडल्यास एक होल्टर एवढ्यावर दिलासा मिळू शकतो. अरुंद मायट्रल झडप असलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र 'काही त्रास नाही' म्हणून ईसीजी वर्षानुवर्षं न काढणं धोक्याचं आहे, कारण तिथे लय बिघडल्याची पहिली खूण कधी कधी थेट पक्षाघातच असते. पुढच्या तपासणीला जाताना जुना ईसीजी सोबत न्यावा आणि डॉक्टरांना विचारावं : मागच्या वेळेपेक्षा यात काही बदललं आहे का?